रिओहा, झिंगे आणि शालूचं नाक

धानाच्या हंगामात आमच्याकडे हवा खाजते. चुरणी, म्हणजे मळणी, सुरू झाली की मशीनमधून उडालेला कोंडा रस्त्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, माणसांच्या भुवयांवर जाऊन बसतो. मी लाखांदूरच्या एका शाळेत मराठी शिकवते. या दिवसांत वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या तरी मुलं मान खाजवतच कविता ऐकतात. खाजेच्या पाठोपाठ वास येतो. धान निघून गेल्यावर उरलेल्या काडाला आम्ही तणस म्हणतो, त्या ताज्या तणसाचा गोडसर, ऊनऊन वास. यंदा तो पहिल्यांदा आला तेव्हा मी फळ्यापाशी उभी होते. खडू हातात धरून मी एक मोठा श्वास घेतला, पुन्हा एक घेतला, आणि वास खरंच येतोय याची खात्री झाल्यावरच मुलांकडे वळले. ही सवय मला दोन वर्षांपूर्वीच्या हंगामानं लावली.

त्या हंगामात आम्ही दिघोरीला बसून स्पेनची वाइन चाखली होती. हे वाक्य मी कुणाला सांगितलं की आधी हसू येतं, समोरच्याला आणि मलाही. दिघोरीत तळं आहे, धानाच्या बांध्या आहेत, बांध्यांच्या धुऱ्यावर तुरी आहेत. तिथे रिओहा नावाच्या मुलखातली लाल वाइन काचेच्या पेल्यात ओतली जावी, हे त्या पेल्यांनाही खरं वाटलं नसेल. ते पेले प्रमोदच्या लग्नातल्या अहेराचे होते आणि तोवर कधी खोक्यातून बाहेर आले नव्हते.

प्रमोद, शालू आणि मी दिघोरीच्या शाळेत एका वर्गात होतो. प्रमोद गावातच राहिला, धान करतो, आणि जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला थोडीफार कळते असं समजतो. त्याची बायको वंदना समजूतदार आहे, ते बरं आहे. शालू लाखांदूरला बसस्टँडजवळ खानावळ चालवते. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, कचेरीतली एकटी माणसं, खोली घेऊन शिकणारी मुलं, सगळी तिच्याकडे जेवतात. आणि शालूचं नाक. शाळेत ती कुणाच्या डब्यात काय आहे ते झाकण न उघडता सांगायची. तांदूळ घेताना ओंजळीत धरून त्यावर गरम फुंकर मारायची, हुंगायची, आणि दुकानदारानं कितीही शपथा घेतल्या तरी जुना कोणता, नवा कोणता, ते त्याच्या तोंडावर म्हणायची. चिन्नोर हा वासाचा तांदूळ कुणाच्या घरी शिजतोय हे तिला रस्त्यावरून कळायचं, आणि मग आम्ही त्या घरी काही ना काही काम काढून जायचो. तिचं नाक आमच्यात सार्वजनिक मालमत्ता होती.

वाइन आणली प्रमोदच्या मुलीनं. मृणाल स्पेनमध्ये नोकरी करते. उन्हाळ्यात सुट्टीवर आली तेव्हा कपड्यांत गुंडाळून तिनं बापासाठी बाटल्या आणल्या, आणि लगेच प्या म्हणून सांगून गेली. प्रमोदला वाटलं, एवढी लांबून आलेली वस्तू अशी कशी संपवायची, नवं धान घरात आलं की बघू. त्यानं बाटल्या जपून माळ्यावर ठेवल्या. आमचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना माळा म्हणजे काय ते सांगायला नको. तिथे ठेवलेले पापड तळायचेही कष्ट घ्यावे लागत नाहीत. मृणालला हे नंतर कळलं तेव्हा तिनं फोनवर दोनदा विचारलं, माळ्यावर?

रविवारची दुपार ठरली. मी आधीच सांगून टाकलं होतं की मी येईन, पण पिणार नाही. आमच्या घरी पंचशील आईवडिलांपासून आहे आणि पाचवं, दारू न पिण्याचं शील मी आजवर मोडलेलं नाही. प्रमोदनं यावर विचार करून तोडगा काढला. मुलीनं त्याला सांगितलं होतं की वाइन आधी बघायची, मग हुंगायची, मग चाखायची. तर मी दुसऱ्या पायरीवर थांबायचं, वास घेतल्यानं शील मोडत नाही, असा त्याचा निकाल. मला तो पटला. शालू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, हुंगायला सुजाता असेल तर मी कशाला. आम्ही हसलो. ती विनय करतेय असं वाटलं.

वंदनानं समोरचं दार लावून घेतलं. दोन बायका भरदुपारी दारू पिणार म्हणजे गावात चर्चेला महिनाभराचा माल. पण हंगामाच्या दिवसांत दुपारी दार लावलेलं घर कुणी पाहिलंय? दहा मिनिटांत शेजारच्या म्हातारबाबांनी कुणाला बरं नाही का म्हणून विचारलं. मग दार उघडं ठेवून बाटल्याच मागच्या अंगणात नेल्या. विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत त्या गळ्याइतक्या बुडवून ठेवल्या होत्या. पलीकडे प्रमोदच्या धानाचं पुंजणं उभं होतं, पेंढ्यांची गंजी, अजून चुरायचं राहिलेलं.

वाइनबरोबर लहान लहान बशांमधून थोडं थोडं खायचं, त्याला तिकडे तापास म्हणतात. मृणालनं काय काय करायचं ते सांगून ठेवलं होतं आणि शालू सकाळपासून वंदनाच्या स्वयंपाकघरात होती. नदीचे ताजे झिंगे भरपूर लसूण आणि सुकी मिरची घालून तेलात परतलेले. पाव मिळाला नाही म्हणून तांदळाच्या भाकरीचे तुकडे निखाऱ्यावर कडक करून, त्यांना लसूण घासून, वर टमाटर चोळलेलं. बटाट्याचं बोटभर जाड आम्लेट, वड्या पाडल्यासारखं कापून. नागपूरहून आणलेले ऑलिव्ह सगळ्यांनी एकेक खाल्ले आणि कुणी दुसरा घेतला नाही. प्रमोद म्हणाला, ही बोरं लवकर तोडली. पण झिंगे असे झाले होते की आम्ही बोटं चाटली. मी शालूला म्हटलंही, तुझ्या हाताला काय आहे गं. तिनं मान हलवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी दुसरा घास घेईपर्यंत बघत राहिली.

पहिली बाटली रिओहाची. द्राक्षाचं नाव टेम्प्रानिओ, ते नाव प्रमोदनं दर वेळी वेगळं उच्चारलं. पेल्यात ओतल्यावर रंग पिकल्या जांभळाच्या सालीचा. मी नाक आत घातलं. जुनी लाकडी पेटी उघडल्यावर येतो तसा एक वास, त्याच्यामागे तेंदूपत्त्याची गोणी, आणि सगळ्यात मागे काहीतरी गोड. मी ते मोठ्यानं सांगितलं. प्रमोदला तेंदूपत्ता लगेच पटला, वंदनालाही. शालू म्हणाली, हो, तेंदूपत्ता, अन् पेटीसुद्धा. दुसरी बाटली गार्नाचाची, रंगानं जरा पातळ, वासानं वाळल्या बोरांसारखी. हे वंदनानं ओळखलं. शालू म्हणाली, हो ना, बोरं.

चार साधी माणसं उन्हात बसून पेल्यात नाक घालत होती, आणि आपल्या ओळखीचे वास परक्या मुलखातून आलेले बघून प्रत्येकाला गंमत वाटत होती. मी न पिताही थोडी हवेत होते. इतक्या लांब, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणाऱ्या माणसांनी केलेल्या वस्तूत आपल्या तेंदूपत्त्याचा वास यावा, यावर मी मनात एक लेख जुळवायलाही लागले होते. तो लेख हा नव्हे.

तिसरी बाटली उघडली. प्रमोदनं ओतली, पेला माझ्याकडे दिला, मी हुंगलं आणि झटकन मान मागे घेतली. भिजलेल्या बारदान्याचा वास. ज्याच्या घरी धान आहे त्याला हा वास समजावून सांगावा लागत नाही. अवकाळी पाऊस येतो, पोती भिजतात, वरून वाळल्यासारखी दिसतात, आणि चार दिवसांनी पोत्याचं तोंड सोडलं की तो कुबट भपकारा येतो. तो आला की घरात कुणी कुणाशी बोलत नाही. आम्ही सगळे या वासाच्या धाकात वाढलोय. प्रमोदनं हुंगलं आणि त्याची नजर आपोआप पुंजण्याकडे गेली. वंदनानं तर पदरच नाकाला लावला. मृणालनं नंतर सांगितलं की कधीकधी बुचालाच खोड असते, तिकडेही अशी बाटली निघते, ती ओतून द्यायची असते.

मी काही बोलणार इतक्यात झिंगे आणायला आत गेलेली शालू आली आणि तिनं तिचा पेला उचलला. डोळे मिटले, नाकाशी धरला, हळूच फिरवला. आमच्यापैकी कुणी अजून तोंडातून शब्द काढला नव्हता. मग एक घोट घेतला आणि म्हणाली, “ही सगळ्यात मस्त हाये. जांभूळ येते, अन् थोडी विलायची.”

आम्ही हसलो. शालूची चेष्टा करायची पद्धत अशीच, चेहरा न हलवता. वंदना म्हणाली, विलायची नव्हे, सडलं पोतं म्हणा. शालूनं आमच्याकडे पाहिलं. एकेकाच्या तोंडाकडे, क्रमानं. आणि मग हसली. ते हसू उशिरा आलं. वर्गात ज्या मुलाला विनोद कळलेला नसतो ते मूल इतरांकडे बघून हसतं ना, तसं. मी वर्गात रोज ते हसू बघते, म्हणून मला ते ओळखू आलं.

“शालू,” मी म्हटलं, “तुले वास येऊन राहिला का?”

तिनं पेला खाली ठेवला. पुंजण्यावर चिमण्या बसल्या होत्या त्यांच्याकडे बघत राहिली. प्रमोद काहीतरी बोलायला गेला तर वंदनानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी काय विचारलं आणि शालू का गप्प आहे, हे चौघांनाही कळलं होतं, पण ते खरं मानायला मन तयार होईना. शालूला वास येत नाही? प्रमोदला शेती येत नाही, मला वाचता येत नाही, असं कुणी म्हटलं असतं तर मी इतकी हादरले नसते.

मग तिनं सांगितलं. कोरोनाच्या साथीत तिला ताप आला होता, वास गेला होता. तेव्हा सगळ्यांचाच गेला होता आणि सगळ्यांचा परतही आला. माझा गेला होता तो मोहरीच्या फोडणीत एका सकाळी परत आला आणि मी आनंदानं शेजारणीला हाक मारली होती. शालूनंही तेव्हा आला म्हणून सांगितलं. आज येईल, उद्या येईल म्हणत सांगितलं. आलाच नाही. जिभेला तिखट, मीठ, आंबट, गोड कळतं, बाकी सगळं अन्न एकसारखं. वरण आणि पेज यात फरक नाही. झिंगा म्हणजे दाताखाली काहीतरी रबरी. वर्षं उलटली आणि खानावळ चालू होती. आम्ही तिच्याकडे जेवलो, तृप्त झालो, वाहवा केली. ती आमची तोंडं बघून स्वयंपाक करत होती.

मला आजही सगळ्यात जास्त धक्का चुलीचा बसतो. मधल्या काळात शालूनं खानावळीतला गॅस काढून टाकला होता आणि मागच्या अंगणात चुली घातल्या होत्या. गावात केवढं कौतुक झालं त्याचं. आजच्या काळात चुलीवरचं जेवण, धुराची चव, बाई हुशार, ग्राहक कसा धरावा हे तिच्याकडून शिकावं. गर्दी वाढली. मीच चार जणांना सांगितलं होतं की शालूकडचं वरण खा, त्याला धुराचा वास असतो. आणि त्या दुपारी ती म्हणाली की एकदा शेगडीची नळी सुटली होती, ती शेजारीच बसून कांदा चिरत होती, एक ड्रायव्हर आत धावत आला म्हणून वाचली. त्या दिवसापासून तिला गॅसची भीती बसली. चूल दिसते, तिचा जाळ दिसतो. ज्या धुराची आम्ही चव घेत होतो तो तिच्यासाठी फक्त डोळ्यांत जाणारी वस्तू होती.

प्रमोद सरळ माणूस आहे, आणि सरळ माणसं चुकीच्या वेळी बरोबर बोलतात. तो म्हणाला, लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे, हे लपवून चालणार नाही. शालू म्हणाली, मला ठाऊक आहे, म्हणून उरलेलं सगळं सांजेला जनावरांना घालते, दूध दोनदा तापवते, शंका आली की ओतून देते. हे सगळं ती शांतपणे सांगत होती. मग एकदम तिचा आवाज फुटला.

“सांगतलं तर माह्या हातचं कोण खाणार हाये गा? लोकं दूर करतीन मले. नाक नाई थे बाई काय रांधते म्हणतीन.”

तिला कुणीच नाही असं नव्हे, नवरा गेला तरी मुलगा पुण्यात आहे, ये म्हणतो. पण खानावळ म्हणजे तिला सकाळ-संध्याकाळ घेरून बसणारी माणसं होती. ती उठून जातील, याची तिला धास्ती होती. उरलेली वाइन कुणी प्याली नाही. वंदनानं ती बाटली नालीत ओतून दिली, आणि थोड्या वेळानं बाकीच्याही.

त्या हिवाळ्यात मी शालूचं नाक झाले. दुसरा इलाज सुचला नाही. प्रमोदनं तिला नागपूरला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणाले येईलही, नाहीही येणार. तोवर मी शाळेच्या आधी तिच्या मागच्या दारानं आत जायची आणि एकेक भांडं हुंगायची. दूध, दही, भिजवलेली डाळ, मटण आणलं असेल तर मटण. या आधी मी वासाकडे एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं. लाखोळीच्या भाजीच्या कोवळ्या पाल्याला पावसात धुतलेल्या दगडासारखा वास असतो. आदल्या दिवशीच्या भातात आंबूसपणा यायच्या आधी एक क्षण तो गोड लागतो. शालू बाजूला उभी राहून माझं तोंड बघायची. मी मान डोलावली की भांडं चुलीवर जायचं. कधी ती विचारायची, आज कसा आहे, सांग ना. मग मी सांगायची. सांगताना लक्षात यायचं की आपल्याकडे शब्दच नाहीत. चांगला, वाईट, गोड, उग्र, आणि पुढे सगळं कशासारखं तरी. मराठी शिकवणाऱ्या बाईची ही अवस्था. शालू मात्र मी म्हणेन ते कान देऊन ऐकायची, आणि दिवसभर तेवढ्यावर रांधायची.

हे असं सात-आठ महिने चाललं, आणि मला वाटायला लागलं होतं की असंच चालेल. पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत मला सर्दी झाली. साधी सर्दी, आल्याचा चहा घेऊन विसरायची. सकाळी शालूकडे गेले, दह्याच्या गंजावर, पातेल्यावर, वाकले आणि काहीच आलं नाही. पुन्हा वाकले. डाळ हुंगली, दूध हुंगलं, शेवटी चुलीतल्या धुरात तोंड घातलं. डोळे चुरचुरले, पाणी आलं, वास नाही. मला कुणीतरी कोंडून दार लावल्यासारखं झालं. जग समोर होतं तसंच होतं, आणि माझ्याशी बोलायचं थांबलं होतं. माझी चार दिवसांची सर्दी होती आणि मी घाबरून रडकुंडीला आले. ही बाई यात इतकी वर्षं राहत होती आणि आम्हाला वाढत होती.

मी तिला म्हटलं, आज मला काही सांगता येणार नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी लाजेनं खाली बघत होते. मग तिनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांवर पाणी मारलं, आणि पदराला हात पुसत समोर गेली. सकाळच्या गाडीचे लोक येऊन बसले होते. मी दाराआड उभी होते. तिनं त्यांना सांगितलं, आज जेवण नाही, आणि का नाही ते पण सांगितलं. ताप, वास, गॅस, चूल, माझी सर्दी, सगळं. मध्ये थांबली नाही.

एकेक जण उठून गेला. एका पोरानं जाताना चप्पल उलटी घातली आणि तशीच ओढत नेली, एवढंच मला आठवतं. मला वाटलं, संपलं. शालूनं पाट उचलून भिंतीला लावले.

पुढचे दिवस वाईट गेले. काही माणसं खरंच आली नाहीत, त्यांतली काही अजूनही येत नाहीत, आणि त्यांना मी दोष देत नाही. पण एक म्हातारा कंडक्टर, जो शालूच्या वरणात नेहमी खोड काढायचा, दुसऱ्या सकाळी आला, सरळ मागे चुलीपाशी गेला, गंजावरचं झाकण काढून हुंगलं आणि म्हणाला, चांगलं आहे, वाढ. मग बाकीचे. आता तिथली रीतच झाली आहे. जो पहिला येतो तो मागे जातो, झाकणं काढतो, हुंगतो, समोर येऊन सांगतो आणि मग पंगत बसते. नवी मुलं यावर आधी हसतात, मग त्यांचीही पाळी येते. परवा एकानं दही नापास केलं आणि सगळ्यांनी मुकाट्यानं दह्याविना जेवण केलं. लोक दूर करतील, असं शालूला वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. माणसांबद्दल आपला अंदाज इतका चुकावा याचं मला अजून नवल वाटतं.

मला वाटलं, आता शालूच्या मनातली भीती गेली.

गेल्या रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेले होते. खानावळ आवरली होती, मागच्या अंगणात ऊन उतरलं होतं, रस्त्यावरून धानाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मी बाजेवर बसले. शालू दूर दाराच्या चौकटीला टेकून बसली, आमच्यामध्ये अंगणाचा निम्मा तुकडा. मी तिला इकडे ये म्हटलं, ती म्हणाली इथेच बरं आहे. आणि तेव्हा मला दिसलं की ती नेहमी अशीच बसते. कितीतरी दिवसांपासून. लग्नात भेटली तर लांबूनच हात हलवते. माझ्या स्कूटीवर मागे बसली की मध्ये पिशवी ठेवते. माझी आई गेली तेव्हा सगळ्या बायका मला धरून होत्या आणि शालू उंबऱ्याशी उभी राहून रडत होती. तेव्हा मला राग आला होता. धंदा वाढला की माणूस आखडतं, असं मी मनात म्हटलं होतं.

ट्रॉली पुढे गेल्यावर ती म्हणाली, “सुजा, एक विचारू? खरं सांगशीन?”

मी हो म्हटलं.

“माह्या अंगाची घाण येते का वो?”

मला कळेनाच ती काय म्हणतेय. ती अंगणाकडे बघत बोलत होती. “दिवसभर चुलीपाशी असतो. घाम हाये, लसूण हाये, मच्छी हाये. मले काई समजत नाई. रांधलेलं तुमी हुंगून सांगता, पण बाईचं आंग कोण हुंगून सांगन? म्हणून दूरच बसतो मी. कोणाले तरास नको.”

ती पुढे हळू आवाजात सांगत राहिली. दिवसातून पुन्हा पुन्हा आंघोळ करते. कपडे बदलते. बसमध्ये कुणी शेजारून उठून दुसरीकडे बसलं की दिवसभर तेच डोक्यात राहतं. मुलगा आला तर त्यालाही जवळ घेत नाही. पुण्याचा आहे, त्याला घाण वाटेल.

मी बाजेवरून उठले. तिच्यासमोर जाऊन खाली बसले. ती मागे सरली, मागे चौकट होती. मी तिच्या गळ्यात हात टाकले आणि मानेपाशी नाक नेलं, मग केसांत, मग खांद्याच्या पदरावर. साबण. नुसता साबण, एकावर एक थर दिल्यासारखा. मी अजून खोल श्वास घेतला. धूर नाही, फोडणी नाही, खोबरेल नाही. लहानपणी वर्गात डोळे मिटूनही मला शालू बाजूला बसलीय ते कळायचं. तो वास मी शोधत होते. कुठे नव्हता. तिनं स्वतःला घासून घासून पुसून टाकलं होतं.

“साबनाचा येते,” मी म्हटलं. “तुहा वास येतच नाई.”

माझ्या हातांत तिचं अंग ताठ होतं.

“म्हंजे चांगलं का वाईट?” तिनं विचारलं.

“वाईट,” मी म्हटलं, आणि तिच्या गळ्यातले हात काढले नाहीत.